एका निबंधाला ५,१५४ लेखक

मे २०१५ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. पाने ३३. त्यातली पहिली नऊ पाने मूळ निबंध आणि संदर्भ यांची, उरलेली २४ पाने नुसती लेखकांची नावे आणि त्यांच्या संस्था. लेखक एकूण ५,१५४. एका नावाला दोन सेकंद धरून ही यादी मोठ्याने वाचायला बसले, तर पावणेतीन तासांहून जास्त वेळ लागेल. एवढ्या सगळ्यांनी मिळून जे सांगितले ते मात्र एका ओळीत मावते: हिग्ज बोसॉन या कणाचे वस्तुमान सुमारे १२५.०९ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे.

हा आकडा काढायला जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाचा बोगदा लागला. त्यात प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात. त्यांना वळवणारी चुंबके उणे २७१.३ अंश सेल्सियसला ठेवावी लागतात, म्हणजे ताऱ्यांमधल्या रिकाम्या अवकाशापेक्षाही थंड. सेकंदाला अब्जाच्या घरात टकरी होतात आणि त्यांतून निघणारी माहिती चाळीसहून अधिक देशांतल्या सुमारे १७० संगणक केंद्रांत वाटून ठेवली जाते. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यांपैकी एक. बोगद्यावरच्या सीएमएस नावाच्या अवाढव्य शोधयंत्राचा एक भागही याच संस्थेच्या सहभागातून तयार झाला. त्या २४ पानांत या संस्थेचेही नाव आहे ते त्यामुळे.

परदेशी विद्यापीठाशी करार झाल्याची बातमी आपल्यापर्यंत बहुधा एका छायाचित्राच्या रूपात पोहोचते. टेबल, दोन झेंडे, दोन फायली. त्या फायलींच्या पलीकडे प्रत्यक्ष काय मोजले जाते हे कळले, की इतक्या लोकांनी एकत्र का यावे याचे उत्तर आकड्यांतच सापडते. हिग्जच्या बाबतीत ते उत्तर यंत्राच्या आकारात आणि खर्चात आहे. पण काही मोजमापे अशी असतात, की कितीही पैसा ओतला तरी एका गावात, एका देशात बसून ती करताच येत नाहीत. मला सर्वांत जास्त थक्क करतात ती हीच.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड आणि लुइझियानात लिव्हिंगस्टन अशा दोन ठिकाणी लिगोच्या वेधशाळा आहेत. कॅलटेक आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी त्या उभारल्या. प्रत्येक वेधशाळेला काटकोनात दोन भुजा आणि प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब. एवढ्या लांबीत पृथ्वीचा पृष्ठभाग मीटरभराहून जास्त खाली वळतो. लेसरचा किरण सरळ जातो, जमीन वळते, म्हणून काँक्रीट ओततानाच ही वक्रता हिशेबात धरावी लागली. भुजांमधल्या नळ्यांतली हवा उपसून काढायला ४० दिवस लागले. आता आतला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाइतका आहे. टोकाला ४० किलो वजनाचे आरसे आहेत आणि ते टांगलेत काचेच्या धाग्यांवर. धाग्याची जाडी ०.४ मिलिमीटर. लेसरचा किरण भुजेत सुमारे ३०० वेळा मागेपुढे होतो, त्यामुळे चार किलोमीटरची भुजा १,२०० किलोमीटर असल्यासारखी वागते.

हा सगळा खटाटोप गुरुत्वीय लहरींसाठी. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशच हेलकावते. ती लाट पृथ्वीवरून जाताना एक भुजा कणभर लांबते, दुसरी कणभर आखडते. आता हा 'कणभर' किती ते पाहू. हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाचे साठ हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढा प्रोटॉन. त्या प्रोटॉनच्या व्यासाचे आणखी चारशे भाग करा. चार किलोमीटरच्या भुजेत पडलेला फरक त्यातल्या एका भागाएवढा होता. प्रमाणात सांगायचे, तर एकावर एकवीस शून्ये मांडून जो आकडा होईल, त्यातला एक हिस्सा. सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतचे, चार प्रकाशवर्षांहून थोडे जास्त भरणारे अंतर केसाच्या जाडीहून कमी चुकीने मोजण्यासारखे हे काम आहे.

१४ सप्टेंबर २०१५, भारतीय वेळेप्रमाणे दुपारचे ३ वाजून २० मिनिटे. लिव्हिंगस्टनच्या आरशांनी ही थरथर नोंदवली आणि सुमारे सात मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्याही. अमेरिकेत तेव्हा पहाटेची वेळ होती. संगणकाने पाठवलेली सूचना पहिल्यांदा डोळ्यांखालून घातली ती जर्मनीत हानोफरच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मार्को ड्रागो या तरुण संशोधकाने. संकेत जेमतेम ०.२ सेकंदांचा. त्यामागे होती सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे. ती एक झाली तेव्हा उरले ६२ सूर्यांचे वजन. मधले तीन सूर्य गेले कुठे? त्यांची शुद्ध ऊर्जा होऊन ती लहरींतून पसरली.

इथे थोडे थांबायला हवे. आपला सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत बदलतो. असा दहा अब्ज वर्षे जळूनही त्याच्या वजनाचा हजारावा भागसुद्धा खर्च होत नाही. इथे सेकंदाच्या एका अंशात तीन अख्खे सूर्य खर्च झाले. त्या टोकाच्या क्षणी बाहेर पडणारी शक्ती दृश्य विश्वातल्या सगळ्या ताऱ्यांच्या एकत्रित प्रकाशाहून कित्येक पटींनी जास्त होती. एवढे होऊनही लाट आपल्यापर्यंत आली ती प्रोटॉनच्या चारशेव्या भागाची होऊन, कारण ती सुमारे १.३ अब्ज वर्षे वाटेत होती. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर एकही प्राणी नव्हता, जमिनीवर एकही झाड नव्हते.

एवढ्या नाजूक आरशाला आणखी काय काय हलवत असेल? दूरवरच्या रस्त्यावरून जाणारा ट्रक, किनाऱ्यावर आदळणाऱ्या समुद्राच्या लाटा, वारा, काचेतल्या रेणूंची स्वतःची हालचाल. एकच वेधशाळा असती, तर ही थरथर विश्वातून आली की शेजारच्या शेतातून, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकले नसते. लिव्हिंगस्टनचा ट्रक हॅनफर्डला जाणवत नाही. दोन्ही ठिकाणांमध्ये ३,००० किलोमीटर अंतर आहे, ते कापायला प्रकाशाला दहा मिलिसेकंद लागतात. त्या दहा मिलिसेकंदांच्या आत दोन्हीकडे तीच लकेर उमटली, तरच ती खरी. म्हणजे मधले ते ३,००० किलोमीटर हासुद्धा यंत्राचाच भाग आहे, आरशाइतकाच आणि लेसरइतकाच.

गोंगाटातून ही लकेर ओळखायची कशी, हा प्रश्न सोडवण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या सुमारास या कामाची पद्धत मांडली. एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या जोडीची लहर कशी दिसेल हे आधी गणिताने काढायचे, त्याचे नमुने बनवायचे आणि यंत्रातून येणाऱ्या माहितीवर एकेक नमुना लावून पाहायचा. तेव्हा लिगोची इमारतही उभी नव्हती. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख नमुने लावून पाहिले गेले. असा योगायोग निव्वळ गोंगाटातून घडायला दोन लाख वर्षांहून जास्त काळ लागेल, असा हिशेब निघाला. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला तेव्हा निबंधावर हजाराहून अधिक नावे होती आणि त्यांत भारतातल्या अनेक संस्था होत्या. ज्या प्रश्नाचे यंत्र अजून जन्मालाही आलेले नाही, त्यावर पाव शतक काम करत राहणाऱ्या माणसांबद्दल मला जो आदर वाटतो, तो कुठल्याही आकड्यात सांगता येणार नाही.

लाट आली, पण आली कुठून? इथे दोन वेधशाळा अपुऱ्या पडतात. दोन ठिकाणच्या वेळेतल्या फरकावरून आकाशात फक्त एक पट्टा काढता येतो. त्या पहिल्या लाटेचा पट्टा सुमारे ६०० चौरस अंशांचा होता. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम ०.२ चौरस अंश आकाश व्यापतो, म्हणजे तीन हजार चंद्र मांडावेत एवढ्या जागेत कुठेतरी ती घटना घडली होती. दुर्बीण वळवायची कुठे?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी हे उत्तर मिळाले. या वेळी दोन न्यूट्रॉन तारे धडकले होते, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. इटलीत पिसाजवळची व्हर्गो ही तिसरी वेधशाळा त्याच महिन्यात कामाला लागली होती. दोन अमेरिकी वेधशाळांचा पट्टा १९० चौरस अंशांचा होता, व्हर्गो जोडल्यावर तो ३० च्या आसपास आला. गंमत अशी, की व्हर्गोला संकेत जवळजवळ दिसलाच नव्हता. पण ज्या दिशांना व्हर्गो आंधळी असते त्याच दिशेला घटना घडली असणार, हे त्यावरूनच कळले.

चिलीत रात्र पडली, दुर्बिणी उघडल्या आणि टक्करीनंतर अकराएक तासांनी एनजीसी ४९९३ या दीर्घिकेत नवा ठिपका सापडला. त्यानंतर सातही खंडांवरून आणि अवकाशातून सुमारे ७० वेधशाळांनी तिकडे तोंड वळवले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला असलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही त्यांत होती. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या निबंधाला साडेतीन हजारांहून अधिक लेखक आणि नऊशेंहून अधिक संस्था होत्या.

त्या दिवशीचा एक आकडा मला आजही पुन्हा पुन्हा आठवतो. गुरुत्वीय लहर पोहोचल्यावर १.७ सेकंदांनी त्याच घटनेतून निघालेला गॅमा किरणांचा झोत फर्मी उपग्रहाने टिपला. १३ कोटी वर्षांचा प्रवास आणि पोहोचण्यात फरक १.७ सेकंद. गुरुत्वाचा वेग आणि प्रकाशाचा वेग एकच, हे आइन्स्टाइनचे म्हणणे त्या दोन क्षणांनी चौदा-पंधरा दशांश स्थळांपर्यंत पक्के केले. शिवाय त्या टक्करीत तयार झालेल्या सोन्या-प्लॅटिनमचे वजन कित्येक पृथ्व्यांइतके असावे, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

अंतरालाच उपकरण बनवायची कल्पना एका गटाने शेवटापर्यंत ताणली. एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यात सूर्याच्या ६.५ अब्ज पट वजनाचे कृष्णविवर आहे. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरून त्याचे कडे आकाशात सुमारे ४० मायक्रो-आर्कसेकंद कोनाचे दिसते. पूर्ण चंद्राच्या व्यासाचे साडेचार कोटी भाग केले तर त्यातला एक. हे पाहायला पृथ्वीएवढी दुर्बीण लागते. ती बांधता येत नाही, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये हवाई, ॲरिझोना, मेक्सिको, चिली, स्पेन आणि दक्षिण ध्रुव अशा सहा ठिकाणच्या आठ दुर्बिणींनी अणुघड्याळे जुळवून एकत्र वेध घेतले. माहिती गोळा झाली पाच पेटाबाइट, म्हणजे पन्नास लाख गिगाबाइट. इंटरनेटवरून ती पाठवणे अशक्यच होते. अर्धा टन वजनाच्या हार्ड डिस्क पेट्यांत भरून विमानाने एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेत आणि जर्मनीत बॉनला नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर हिवाळा संपून विमान उडेपर्यंत कित्येक महिने तिथेच अडकून होत्या, आणि जगभरचे दोनशेहून अधिक संशोधक त्यांची वाट पाहत होते. कृष्णविवराचे पहिले चित्र १० एप्रिल २०१९ ला जगासमोर आले.

आरोग्याच्या क्षेत्रात अंतर वेगळ्या कारणाने लागते. तिथे प्रयोगशाळा एकीकडे असते, रोगी दुसरीकडे आणि कारखाना तिसरीकडेच.

मानवी जनुकसंचाची तीन अब्ज अक्षरे वाचायला १९९० ते २००३ अशी तेरा वर्षे आणि सहा देशांतली २० केंद्रे लागली. त्यांनी एक नियम घालून घेतला होता. आज वाचलेली अक्षरे चोवीस तासांच्या आत जगाला खुली करायची. मला हा नियम त्या तीन अब्जांहून मोठा वाटतो, कारण पुढच्या संकटात हीच सवय कामी आली. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातले झांग योंगझेन आणि सिडनी विद्यापीठातले एडवर्ड होम्स यांनी नव्या करोना विषाणूची २९,९०३ अक्षरे सर्वांसाठी खुली केली. एवढ्या अक्षरांना मराठी पुस्तकाची पंचवीस-तीस पाने पुरतील. त्यातला काट्यासारख्या प्रथिनाचा मजकूर घेऊन ऑक्सफर्ड विद्यापीठाने लस रचली, आणि पुण्यात हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटने ती 'कोविशिल्ड' या नावाने बनवली. १६ जानेवारी २०२१ ला, म्हणजे अक्षरे खुली झाल्यानंतर जेमतेम वर्षभराने, आपल्याकडे लसीकरण सुरू झाले.

या लशीच्या एका मात्रेत अर्धा मिलिलिटर द्रव असायचा. त्या थेंबांत चिंपांझींच्या सर्दीच्या, पण निरुपद्रवी केलेल्या विषाणूचे ५० अब्ज कण असायचे. देशात १७ जुलै २०२२ पर्यंत दिल्या गेलेल्या २०० कोटी मात्रांपैकी दीडशे कोटींहून अधिक कोविशिल्डच्या धरल्या, तरी कणांचा आकडा ७५ वर अठरा शून्ये एवढा होतो. ही लस शुद्ध असल्याची खात्री करून ती कुपीत भरणारे हात पुण्यातले होते, याचा अभिमान मराठी माणसाने मोकळेपणाने बाळगावा.

ऑक्सफर्ड आणि सीरम याच जोडीने पुढे हिवतापाची आर२१ ही लस आणली. हिवतापाने २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ लाख ८ हजार माणसे गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली आणि पाच वर्षांखालची मुले. ऑक्सफर्डमध्ये हिवताप नाही. त्यामुळे लस खरोखर वाचवते का, हे ठरवायला बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानियातल्या सुमारे ४,८०० मुलांच्या आईबापांनी आपली लेकरे पुढे केली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लशीची शिफारस केली. तेव्हा एका मात्रेची किंमत दोन ते चार डॉलर होती. या सगळ्या भागीदारीत माझ्या मते सर्वांत मोठा वाटा त्या आईबापांचा आहे, आणि नावांच्या कुठल्याच यादीत ते नाहीत.

जीएमआरटीकडे पुन्हा वळायला हवे, कारण तिच्या वाट्याला आणखी एक विलक्षण काम आले. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटर परिसरात पसरल्या आहेत. लिगोने पकडलेली पहिली लाट ०.२ सेकंदांत संपली होती. पण ज्या कृष्णविवरांचे वजन सूर्याच्या कोटी-अब्ज पट असते, त्यांच्या लाटेला एकदा वर-खाली व्हायलाच वर्षानुवर्षे लागतात आणि तिची लांबी प्रकाशवर्षांत मोजावी लागते. तिच्यासाठी पृथ्वीच अपुरी पडते. म्हणून स्पंदक तारे हीच घड्याळे मानली. हे तारे सेकंदाला शेकडो वेळा इतक्या नेमाने फिरतात, की त्यांचा ठोका कधी येणार हे सेकंदाच्या दशलक्षांशापर्यंत आधी सांगता येते. लाट मधून गेली, तर ठोके किंचित पुढेमागे होतात. युरोपातल्या पाच मोठ्या दुर्बिणींच्या नोंदी आणि भारत-जपान गटाच्या जीएमआरटीवरच्या नोंदी एकत्र करून २५ स्पंदकांचा २५ वर्षांचा हिशेब मांडला गेला. जून २०२३ मध्ये अशा लाटांचा पुरावा हाती येत असल्याचे या गटाने जाहीर केले. त्याच वेळी अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही तेच सांगितले.

आता हिंगोली. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात लिगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. मूळ यंत्राचे भाग अमेरिकेतून यायचे आहेत. जागा, इमारती, आठ किलोमीटरच्या निर्वात नळ्या आणि माणसे आपली. पुण्याची आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि अणुऊर्जा विभाग मिळून हे काम करत आहेत. मराठवाड्याची ही जागा निवडली ती जमीन शांत आहे म्हणून, आणि ती उरलेल्या वेधशाळांपासून दूर आहे म्हणूनही. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन यांच्यात लाट जास्तीत जास्त दहा मिलिसेकंदांत पोहोचते. हिंगोली आणि अमेरिका यांच्यात हा अवधी ३५ मिलिसेकंदांच्या वर जातो. वेळेतला फरक जितका मोठा, तितकी दिशा नेमकी. आकाशाच्या ज्या तुकड्यात आज दुर्बिणी तासन्‌तास शोधत फिरतात, तो तुकडा हिंगोली जोडल्यावर काही दिशांना पाच-दहा पटींनी लहान होईल, अशी अपेक्षा आहे.

पहिल्या तीन निरीक्षण-फेऱ्यांत मिळून ९० टकरी सापडल्या होत्या. हिंगोली सुरू होईल तेव्हा त्या मोजायला आणि यंत्र चोवीस तास चालते ठेवायला निर्वात तंत्रज्ञ लागतील, लेसर सांभाळणारे लागतील, जोडकाम करणारे, संगणक अभियंते आणि विश्लेषक लागतील. ही माणसे फक्त पुण्या-मुंबईहून बदलीवर येऊ नयेत. नांदेड, परभणी आणि हिंगोलीच्या महाविद्यालयांत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा आजपासूनच सुधारल्या, निर्वात आणि प्रकाशीय तंत्राचे अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपर्यंत नेले, तर आज औंढ्याच्या शाळेत नववी-दहावीत असलेली मुलेमुली त्या नियंत्रणकक्षात कामाला लागू शकतात.